विक्रीतून मागे घेतलेलं घर: मालकाशी बोलणी कशी सुरू करावी?

मनात भरलेलं घर एक दिवस जाहिरातीतून गायब होतं. विचारल्यावर उत्तर मिळतं, 'मालकांनी विचार बदलला.' बहुतेक लोक तिथेच नाद सोडतात. मला ते घाईचं वाटतं. या घराचा मालक काही आठवड्यांपूर्वीपर्यंत विकायला तयार होता आणि कशामुळे तरी थांबला. कशामुळे, हे कळलं तर बोलणी होऊ शकतात. ते न कळता नुसता आकडा घेऊन दारात उभं राहिलात, तर नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. म्हणून या कामात पैशांची गोष्ट सर्वात शेवटी काढायची.

आधी एजंटचा करार

घर एजंटबरोबर पाहिलं असेल, तर पहिला फोन त्यालाच करा. जाहिरात उतरली म्हणजे मालक आणि एजंट यांच्यातला करार संपला, असं होत नाही. अनेकदा करार चालूच असतो, फक्त घर दाखवणं थांबलेलं असतं. काही करारांत विक्रीचे सर्व हक्क एकाच एजंटकडे असतात आणि ग्राहक कुणीही आणला तरी दलाली त्यालाच द्यावी लागते. शिवाय मुदत संपल्यानंतरही ठरावीक काळात, त्याने घर दाखवलेल्या ग्राहकाने ते घेतलं तर दलाली लागू राहील, असं कलम पुष्कळ करारांत असतं. तुम्ही परस्पर मालकाला गाठलंत, तर त्याच्यावर नकळत दलाली भरण्याची पाळी येऊ शकते. अशाने सुरुवातच बिघडते.

एजंटला सरळ विचारा: 'तुमचा करार अजून चालू आहे का? नसेल, तर मी मालकांना थेट पत्र लिहिलं तर चालेल ना?' चांगला एजंट कधीकधी स्वतःच मध्यस्थी करतो. घर तुम्ही कुठल्याच एजंटमार्फत पाहिलं नसेल आणि करारही संपला असेल, तर थेट संपर्क साधायला काही आडकाठी नाही.

मालक का थांबला असेल?

यावर विचार करायला एक अख्खी संध्याकाळ द्या, कारण पुढचं सगळं यावरच ठरतं. सर्वात साधं कारण म्हणजे हवी ती किंमत आली नाही. जाहिरात महिनोन्महिने झळकत होती, मधे एकदोनदा दर उतरला आणि मग ती काढली गेली, असं दिसलं तर बहुधा हेच. असा मालक कंटाळलेला असतो, थोडा दुखावलेलाही असतो.

दुसरं कारण मोडलेला व्यवहार. ग्राहक ठरला होता, पण त्याचं कर्ज नामंजूर झालं किंवा ऐन वेळी त्याने माघार घेतली. या मालकाला दोन पैसे जास्त मिळण्यापेक्षा व्यवहार तडीस जाण्याची खात्री हवी असते. त्याच्याशी तुमचं जमण्याची शक्यता सर्वात जास्त आहे.

तिसरं, घर विकून जायचं कुठे हेच ठरलेलं नाही. नवीन घर मिळालं नाही, बदली रद्द झाली, मुलांचं शाळेचं वर्ष मधेच आलं. इथे तारीख महत्त्वाची असते. विक्री झाल्यावरही काही महिने भाडेकरू म्हणून त्याच घरात राहू देण्याची तयारी दाखवलीत, तर गाठ सुटू शकते.

आणि मग नाजूक कारणं येतात. आजारपण, मृत्यू, नवराबायकोचं विभक्त होणं, वारसांमधला वाद. अशा घरात तुम्ही परके आहात, हे विसरू नका. भावाभावांत एकमत नसेल, तर एकाशी सूत जुळवून दुसऱ्यावर दबाव आणण्याच्या फंदात पडू नका. त्यातून व्यवहार तर होत नाहीच, वर तंट्यात तुमचं नाव येतं. कागदपत्रांतला दोष, घरात बसलेला भाडेकरू किंवा न परवडणारी दुरुस्ती हेही कारण असू शकतं. ते तुम्ही आपणहून उकरून काढायचं नाही, पण मनात धरून ठेवायचं.

मालकापर्यंत पोहोचायचं कसं

मालकाचं नाव जमीन-मालमत्तेच्या सरकारी नोंदींत बहुतेक ठिकाणी मिळतं. घरात भाडेकरू असेल, तर मालक दुसरीकडे राहत असणार. तेव्हा आधी पत्ता पक्का करा. फोन नंबर कुठून तरी मिळवून अचानक फोन करू नका. नंबर मिळाला कसा, हा प्रश्न मालकाच्या मनात आधी येतो आणि मग तुमचं कुठलंच बोलणं त्याला नीट ऐकू येत नाही. शेजाऱ्यांकडे फार चौकशी करणंही टाळा. 'अमुक घर विकायला लागलेत' ही बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि ती तुमच्यामुळे पसरली हे मालकाला कळतंच.

पत्र सर्वात उत्तम. ते मालक आपल्या सवडीने वाचतो, घरच्यांना दाखवतो, आणि तोंडावर नकार देण्याचा अवघडलेपणा त्याला सोसावा लागत नाही. जाहिरात उतरल्यावर दोनतीन आठवडे जाऊ द्या, मग लिहा. एका पानापेक्षा मोठं नको. साधारण असं:

'नमस्कार. आपलं घर विक्रीला होतं तेव्हा मी ते आतून पाहिलं होतं. मागच्या खोलीतला सकाळचा उजेड आणि जिन्याखाली करून घेतलेली कपाटं अजून लक्षात आहेत. नंतर घर विक्रीतून काढल्याचं समजलं. त्यामागे आपली कारणं असतील, ती मला सांगायलाच हवीत असं नाही. पुढे कधी विकायचा विचार झाला, मग तो या महिन्यात असो की वर्षभराने, तर एकदा माझ्याशी बोलावं एवढीच विनंती. बँकेची प्राथमिक कर्जमंजुरी माझ्याकडे आहे आणि त्यासाठी माझं दुसरं घर विकलं जायची गरज नाही. ताब्याची तारीख आपल्या सोयीने ठरवू. उत्तर दिलं नाहीत तरी हरकत नाही, मी वारंवार त्रास देणार नाही.'

खाली पूर्ण नाव, फोन, पत्ता. यात किंमत कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आकडा कमी वाटला तर पत्र केरात जातं, जास्त वाटला तर तोच पुढच्या घासाघिशीचा पाया होतो. कपाटांचा उल्लेख मात्र हवाच. ती ज्याने हौसेने करून घेतली, त्याला कळतं की या माणसाने घर खरंच बघितलंय. उगाच कौतुक करू नका, पाहिलं असेल तेच लिहा. स्वतःचा धर्म, समाज, कुटुंबाचे फोटो यांतलं काही घालू नका. घर कुणाला विकायचं हे अशा गोष्टींवर ठरू नये, आणि अनेक देशांत तसा भेदभाव कायद्यालाही मान्य नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही, तर दोन ओळींची एक आठवण पाठवा. त्यानंतर थांबा.

पहिली भेट

मालकाने बोलावलं, तर मोजपट्टी आणि नोंदवही घरीच ठेवून जा. पहिलं वाक्य बहुधा असं येईल: 'आमचं विकायचं तसं काही नक्की नाही हं.' त्यावर पटवायला लागू नका. 'हो, मी तेच गृहीत धरलं होतं' म्हणा आणि विचारा, 'विक्रीला होतं तेव्हा फार त्रास झाला का हो?' मग गप्प बसून ऐका. वेळीअवेळी येणारी माणसं, स्वयंपाकघराला नावं ठेवणारे ग्राहक, शेवटच्या क्षणी फिरलेला कुणीतरी. खरं कारण या तक्रारींतच असतं. घरातल्या उणिवा त्या दिवशी बोलून दाखवायच्या नाहीत, आणि किंमत मालकाने विचारली तरच बोलायची. तेव्हाही 'अभ्यास करून लेखी देतो' एवढंच सांगा.

किंमत आणि कागद

जाहिरातीतला जुना आकडा म्हणजे मालकाची तेव्हाची इच्छा. आसपासच्या तशाच घरांचे गेल्या वर्षभरातले नोंदणी झालेले व्यवहार बघा, आणि शक्य असेल तर स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या. दलाली वाचणार असेल, तर ती बचत आपलीच, असं दोघांनाही वाटत असतं. ती निम्मी निम्मी वाटून घेऊ, असं आधीच मोकळेपणाने म्हणा. किमतीबरोबर तारीख, कर्जाची अट, तज्ज्ञाकडून घराची तपासणी आणि मालकी हक्काचा शोध या गोष्टीही प्रस्तावात लेखी असू द्या.

मधे एजंट नसला की तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. समोरची व्यक्ती खरंच मालक आहे का? ओळखपत्र आणि मालकीचे कागद जुळतात का? सहमालक किती, ते सगळे सही करणार का? मुखत्यारपत्रावर विक्री असेल, तर ते अजून वैध आहे का? घरावर कर्जाचा बोजा किती? हे काम स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या, मालकाच्या नको. रिकाम्या घरांचे खोटे मालक उभे करून लोकांना फसवलं जातं. म्हणून करार होईपर्यंत विसार देऊ नका, रोखीने तर नाहीच.

'आत्ता नाही, पुढे बघू'

हे उत्तर खूपदा मिळतं, आणि ते मनापासून दिलेलं असू शकतं. मालक राजी असेल, तर विकायची वेळ येईल तेव्हा पहिली संधी तुम्हाला देण्याचा साधा करार वकिलाकडून करून घेता येतो. त्यात मुदत आणि किंमत कशी ठरवायची हे स्पष्ट असलं पाहिजे. तोंडी शब्दावर अवलंबून राहून बाकीची घरं बघणं मात्र थांबवू नका. बँकेची प्राथमिक मंजुरी बहुधा काही महिन्यांचीच असते, तेव्हा तिची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा आणि संपण्याआधी ती वाढवून घ्या. मालकाचा फोन येईल तेव्हा पत्रात लिहिलेली तयारी खरी असली पाहिजे.