शाळेतल्या मुलांची पुढच्या शिक्षणाची आणि कामाची तयारी वेबवरच्या साधनांनी कशी करावी

मूल नववीत गेलं की घरात ‘पुढे काय?’ सुरू होतं. मग कुणीतरी एकाच संध्याकाळी सात-आठ वेबसाइटवर खाती उघडून देतं आणि महिन्याभरात त्यांचे पासवर्डही आठवेनासे होतात. म्हणून आधी एवढंच ठरवा: एका वेळी एकच साधन वापरायचं आणि त्यातून जे हाती लागेल ते सगळं एकाच वहीत किंवा एकाच गूगल डॉकमध्ये लिहायचं. पहिली ओळ मुलानंच लिहायची, ‘मला नेमकं काय ठरवता येत नाहीये?’ ‘माणसांमध्ये राहून काम करायला आवडेल की एकट्यानं?’ इतका साधा प्रश्नही चालेल.

आवड तपासा, पण घाई करू नका

‘माय नेक्स्ट मूव्ह’ ही अमेरिकेच्या कामगार खात्याची मोफत वेबसाइट आहे. तिथली ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ ही ६० प्रश्नांची चाचणी जगात कुठूनही देता येते. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ती उभी आहे. त्यात कामांचे सहा गट आहेत: हातानं करायची, शोध घ्यायची, कलेची, माणसांना मदत करायची, पुढाकार घेऊन इतरांना सोबत न्यायची आणि नोंदी-नियमांची.

पहिलाच प्रश्न स्वयंपाकघरातली कपाटं बनवण्याचा आहे, दुसरा विटा किंवा फरशा बसवण्याचा. इथेच मुलं अडतात. ‘मला हे कुठे येतं?’ म्हणून ‘आवडत नाही’वर बोट ठेवतात. चाचणी मात्र येतं का हे विचारतच नाही, पैसे किती मिळतील हेही नाही. करायला आवडेल का, एवढंच. शेजारी बसून इंग्रजी प्रश्नाचा अर्थ सांगा आणि गप्प राहा. तुमच्या चेहऱ्याकडे बघून दिलेलं उत्तर काही कामाचं नसतं.

निकालात ज्या गटाला सर्वात जास्त गुण, तेच मुलाचं भविष्य असं अजिबात समजू नका. कुठून वाचायला सुरुवात करायची, एवढंच त्यातून कळतं.

कामाचं नाव नको, कामाचा दिवस वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. निकालाखाली सुचवलेल्या व्यवसायांपैकी तीनच निवडा. प्रत्येकाच्या पानावर त्या माणसाला रोज काय करावं लागतं याची यादी असते. ती डॉकमध्ये उतरवून मुलाला रंगवू द्या: आवडेल ते हिरवं, नको ते लाल, कळलं नाही ते पिवळं. फिजिओथेरपिस्टच्या कामात व्यायाम करून घेणं असतं, तसं प्रत्येक रुग्णाच्या प्रगतीची नोंद लिहिणंही असतं. पहिल्यावर हिरवा आणि दुसऱ्यावर लाल आला, तर बोलायला खरा विषय मिळाला. पिवळ्या ओळी घेऊन ते काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला भेटा. तिथले पगाराचे आकडे अमेरिकेतले आहेत, ते सोडून द्या.

महाविद्यालयातला अभ्यास आधी चाखून बघा

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं २००१ मध्ये ‘ओपनकोर्सवेअर’ जाहीर केलं आणि आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना मोफत खुलं केलं. आवडलेल्या विषयाचा पहिल्या वर्षाचा एक अभ्यासक्रम उघडा आणि गृहपाठाचा पहिला संच बघा. तो सुटणार नाही, सुटायला नकोच. प्रश्न कोणत्या प्रकारचे आहेत आणि त्यांच्याशी तासभर झटायला मजा येते का, हे पाहायचं.

त्यातून कच्चे दुवे दिसतात. ते भरायला खान अकॅडमी ही शालेय विषय शिकवणारी वेबसाइट उत्तम आहे, तीही मोफत. मात्र आपल्या इयत्तेपासून नव्हे, दोन-तीन इयत्ता मागून सुरू करा. बीजगणितात अडणारं मूल पुष्कळदा अपूर्णांकांतच अडलेलं असतं. मागे जाण्यात कमीपणा नाही, हे मोठ्यांनी स्वतःहून सांगायला हवं.

एक गोष्ट पूर्ण करा

दहा प्रमाणपत्रांपेक्षा पूर्ण झालेलं एक काम जास्त बोलतं. स्क्रॅचवरचा (मुलांसाठीचं सोपं प्रोग्रॅमिंगचं साधन) छोटा खेळ, स्वतः मोजमापं घेऊन केलेला तक्ता, शेजारच्या आजोबांची ध्वनिमुद्रित मुलाखत, काहीही चालेल. सोबत अर्धं पान हवं: काय करायचं होतं, कुठे फसलं, काय बदललं.

अर्जाची वेळ आली की

एक स्प्रेडशीट करा: अभ्यासक्रम, पात्रता, शेवटची तारीख, शुल्क आणि ही माहिती कुठून घेतली त्याची लिंक. लिंक संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटचीच हवी. चॅटबॉटनं सांगितलेली तारीखही तिथे जाऊन पडताळा.

अर्जासोबतचा निबंध चॅटबॉटकडून लिहून घेऊ नका. ‘माझा मसुदा वाच आणि मला पाच प्रश्न विचार’ असं सांगा, उत्तरं मुलानं लिहावीत. तुम्हाला काही सुचवायचं असेल तर गूगल डॉकमध्ये टिप्पणी टाका, वाक्य बदलू नका.

खाती उघडताना वयाची अट वाचा. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या वेबसाइटला किमान १६ वर्षं लागतात. जिथे गरज नाही तिथे जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर देऊ नका.

वर्षभरानं तीच चाचणी पुन्हा द्या आणि तेच तीन व्यवसाय पुन्हा रंगवा. जुनं पान शेजारी ठेवा. कोणता रंग कुठे आणि का बदलला, ते मुलाला सांगू द्या.