बर्डी, आठ रस्ता आणि तिसरी घंटा: नागपुरात नव्यानं आलेल्यांसाठी

सांगलीहून लग्न होऊन मी २००४ साली नागपुरात आले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावची मी. नाटकाशिवाय महिना गेला की चुकल्यासारखं व्हायचं. इथं पहिले सहा महिने माझी एकच रड होती, या शहरात नाटकच नाही. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "होते ना वहिनी, भरपूर होते. तुम्ही घरातून निघून तर पाहा!" आणि पुढच्याच रविवारी त्या मला हाताला धरून घेऊन गेल्या. पुण्या-कोल्हापुराकडून बदली होऊन आलेली मंडळी आता मला तेच विचारतात, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी गर्दीची ओळख करून घ्या. नकाशावर सीताबर्डी, बोलताना बर्डी. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथंच एकमेकींना छेदतात, त्यामुळे कुठूनही आलात तरी पोचायला सोपं. संध्याकाळी व्हरायटी चौकातून मेन रोडवर शिरा: चपला, कुर्ते, मोबाइलची कव्हरं, बांगड्या, मधूनच उसाच्या रसाची गाडी. पर्स पुढं धरा आणि कुठलाही भाव पहिल्या आकड्याला मान्य करू नका. या शहराचे पत्ते टॉकीजवरून चालतात हेही लवकर कळेल. व्हरायटी चौक, लिबर्टी टॉकीज, पंचशील चौक, अलंकार टॉकीज. एकपडदा सिनेमांचे दिवस ओसरले तरी चौकांना त्यांची नावं चिकटली ती चिकटलीच. ऑटोवाल्याला असं नाव सांगितलंत की पुढचं काही समजावावं लागत नाही.

बर्डीतच झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ सालचा. धनवटे रंगमंदिर इथलंच. साठी ओलांडलेल्या कुठल्याही नागपूरकराला त्याच्याबद्दल विचारा. तासभर तरी सुटका नाही, आणि तो तास वाया जात नाही.

मात्र नाटकं एका रस्त्यावर होत नाहीत, शहरभर विखुरलेली आहेत. मी सहा महिने फसले ती इथंच. मी आपली एकाच भागात शोधत बसले होते. मोठी व्यावसायिक नाटकं आणि गाण्याच्या मैफिली बहुतेक सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात. शंकरनगरला साई सभागृह. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह, २०१७ साली सुरू झालेलं, दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. एवढ्या मोठ्या जागेत दोन पात्रांचं नाटक असेल तर मागची तिकिटं मी घेत नाही, चेहरेच दिसत नाहीत. आणि लक्ष्मीनगरात आठ रस्ता चौकाजवळ सायंटिफिक सभागृह. माझा जीव तिथं आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

मुंबईचं नाटक इथं दौऱ्यावर येतं. समृद्धी महामार्गानंही ७०१ किलोमीटर होतात. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांचा प्रवास, मुक्काम हे सगळं निघावं म्हणून नागपूरला जोडून अमरावती, अकोला, चंद्रपूर असे प्रयोग लावतात. म्हणून इथं प्रयोग बहुधा एकच, तिकीट जरा चढं. "पुढच्या आठवड्यात बघू" ही पुण्याची सवय सोडा. जाहिरात दिसली की त्याच दिवशी तिकीट काढा.

डिसेंबरात आणखी एक काळजी घ्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की विधान भवनाचा परिसर, झिरो माइल आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते कधी मोर्च्यांसाठी बंद होतील सांगता येत नाही. एकदा आम्ही नेहमीसारखे अर्धा तास आधी निघालो आणि वळसे घेत घेत पोचलो तेव्हा मध्यंतराचा चहा सुरू होता. धाकटी रडवेली झाली होती. तेव्हापासून अधिवेशनात आम्ही दीड तास आधी निघतो, मेट्रोनं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र जातानाच बघून ठेवा, प्रयोग लांबला तर ऑटो करावा लागतो.

आता सायंटिफिक. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची हौशी गटाची नागपूर केंद्राची फेरी इथं होते. रोज एक नाटक, आणि तिकीट इतकं स्वस्त की घरातले चौघं जाऊन येतात. एकदा मी लवकर गेले, तर मागच्या बाजूला टेम्पोतून खाट, दाराची चौकट आणि तुळशीवृंदावन उतरत होतं. दिवसा बँकेत नोकरी करणारा एकजण दातात खिळे धरून चौकट ठोकत होता. वृंदावनाचा रंग ओला होता, नायिका नऊवारी सावरत त्याच्यापासून अंग चोरून उभी होती. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, आणि सभागृहाच्या मधोमध परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा तेवढा उरला. काही नाटकं फसतात, पाठांतर अडखळतं. तरी बसा. नाटक संपल्यावर बाहेर उभं राहून लोक भांडल्यासारखे बोलत असतात, त्यात हळूच शिरा. "कोणत्या गावचे जी तुम्ही?" असं कुणीतरी विचारतंच. माझी इथली सगळी जवळची माणसं मला त्या आवारात मिळाली आहेत.

इथल्या बोलण्यानं बिचकू नका. "काय करून राहिले?" म्हणजे काय करताय. "काऊन?" म्हणजे का. भाजीवाल्याकडं सांबार मागितलंत तर कोथिंबीर मिळेल, म्हणूनच सांबारवडी कोथिंबिरीची असते. ती गरम खा. सकाळी तर्री पोहे, वर हरभऱ्याची झणझणीत तर्री आणि कच्चा कांदा. सावजी जेवण पहिल्यांदा खाताना मात्र दुसऱ्या दिवशी सुटी ठेवा.

वर्षभर इथं राहिलात की एकदा झाडीपट्टीचं नाटक बघायला पूर्वेकडं जा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातली ही रंगभूमी, देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं मुख्य ठाणं. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी मंडप पडतात, लेकी-जावयांना आवतण जातं, पाहुण्यांनी घरं भरतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळं. आम्ही गेलो तेव्हा ओळख ना पाळख, तरी एका आजीनं सरकून आपल्या सतरंजीवर जागा दिली आणि मुलीच्या पायांवर स्वतःची शाल टाकली. तुम्ही जाताना जाड चादरी दोन जास्तीच्या घ्या, पहाटे मंडपात दव उतरतं.