मुलीचे मधले नाव कसे ठरवावे आणि कसे नोंदवावे : बेळगाव सीमाभागातील पालकांसाठी

मुलीचे पहिले नाव ठरवताना आत्या, आजी, मावशी असे सगळे घर कामाला लागते. मधल्या नावाचा विचार मात्र क्वचितच होतो, कारण ते जन्माबरोबर वडिलांकडून येणार आणि लग्नाबरोबर नवऱ्याकडून येणार असे आपण धरून चालतो. अलीकडे ही रीत बदलू लागली आहे आणि हा बदल सीमाभागातील मराठी घरांपर्यंत पोहोचला आहे. कोणी आईचे नाव मध्ये घालतात, कोणी आई आणि वडील या दोघांचीही नावे घालतात, तर अनेक मुली लग्नानंतर वडिलांचेच नाव कायम ठेवतात. यांपैकी काहीही निवडले तरी चालेल. पण निवड लवकर करावी आणि मुलीला ती आयुष्यभर बदलावी लागू नये अशा रीतीने कागदावर आणावी, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

रीत कशी बदलत गेली हे आधी पाहिले, तर निवड सोपी होते. पूर्वी लग्नाच्या दिवशी ताटातील तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि पहिले, मधले व शेवटचे अशी तिन्ही नावे एकाच दिवसात बदलत. माहेरची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि आनंदीबाई गोपाळराव जोशी म्हणून तिने १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. तिचे पहिले आणि मधले नाव जन्मापासूनचे नव्हते. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, दहावीचे प्रमाणपत्र हाती आले, नोकरी आणि बँकेचे खाते आले, तेव्हा पहिले नाव बदलण्याची प्रथा मागे पडली. मधले नाव आणि आडनाव तेवढे बदलत राहिले. त्यानंतर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे लावण्याची पद्धत रूढ झाली. आता वडिलांचे नाव न सोडण्याची आणि त्याच्या आधी आईचे नाव लावण्याची पद्धत वाढत आहे.

या शेवटच्या बदलाला महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने बळ मिळाले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिणे तेथे बंधनकारक झाले. हा निर्णय महाराष्ट्राचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणी येथे नोंदवलेल्या जन्मांना तो लागू होत नाही. परंतु ज्या मुलीचे आजोळ गडहिंग्लजला, चुलते कोल्हापूरला आणि पुढचे शिक्षण पुण्याला असण्याची शक्यता आहे, तिच्या पालकांनी तो माहीत करून घेतला पाहिजे. सख्ख्या बहिणींपैकी एकीच्या लेकीचे नाव चार शब्दांचे आणि दुसरीच्या लेकीचे तीन शब्दांचे, असे आता एकाच कुटुंबात दिसणार आहे.

दुसऱ्या बाजूला कन्नड परंपरेत मधले नाव हे स्थानच सर्वत्र नाही. कित्तूर चन्नम्मा किंवा बेळवडी मल्लम्मा या नावांत गाव आधी येते आणि पित्याचा वा पतीचा उल्लेख येत नाही. दक्षिण कर्नाटकात आद्याक्षरांची पद्धत अधिक आहे, तर उत्तर कर्नाटकात पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांत आढळतात. त्यामुळे आपल्या मुलीचे पूर्ण नाव कार्यालयातील माणसाला आपोआप कळेल असे समजू नये. ते आपणच लिहून द्यावे लागते.

आधी घरात ठरवायचे

पहिला निर्णय क्रमाचा आहे. वडिलांचे नाव मध्ये ठेवले तर सध्याच्या बहुतेक अर्जांत अडचण येत नाही. आईचे नाव मध्ये ठेवले तरी कायद्याने कोणी अडवू शकत नाही. माझे मत विचाराल तर आई आणि वडील ही दोन्ही नावे याच क्रमाने घालावीत. मुलीला वाढवण्यात जिचा दिवस जातो तिचे नाव मुलीच्या नावात असावे, ही साधी न्यायाची गोष्ट आहे; आणि पुढे मुलगी महाराष्ट्रात गेली तर तेथील क्रमाशी तिचे नाव जुळते. मात्र नावाची लांबी तपासावी. ‘आर्या स्मिता महेश पाटील’ सहज बसते. ‘ज्ञानेश्वरी भाग्यलक्ष्मी अण्णासाहेब कुलकर्णी’ हे नाव कानाला भारदस्त वाटले, तरी इंग्रजी अक्षरांच्या ठरावीक चौकटी असलेल्या अर्जात ते मध्येच तुटण्याची शक्यता असते. दोन्ही नावे ठेवायची असतील तर पहिले नाव आखूड निवडावे. हल्ली आखूड नावांचीच आवड असल्याने हे जुळून येते.

आईचे नाव घालायचे ठरले तर तिचे कोणते नाव, हा प्रश्न अनेक घरांत खरोखरच उभा राहतो, कारण लग्नात पहिले नाव बदलण्याची प्रथा काही घरांत अजून आहे आणि आईला माहेरी एका, तर सासरी दुसऱ्या नावाने हाक मारली जाते. येथे भावनेपेक्षा कागद पाहावा. आईच्या आधार कार्डावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव एकसारखे आहे, तेच मुलीच्या नावात घ्यावे. ती दोन नावे एकमेकांशी जुळत नसतील, तर बाळंतपणाआधीच आईचे आधार दुरुस्त करून घ्यावे. आधारमधील नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून ही दुरुस्तीही पूर्ण विचाराने करावी.

वडिलांच्या नावाचे लेखन हा आपल्या भागातील सर्वांत त्रासदायक विषय आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा, भरमाण्णा ही नावे मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण एका कागदावर कल्लाप्पा, दुसऱ्यावर कल्लप्पा आणि तिसऱ्यावर कल्लापा असे लिहिलेले आढळते. परशराम आणि परशुराम यांचेही तसेच होते. निपाणी-चिकोडीकडे अण्णासाहेब, रावसाहेब, भाऊसाहेब, तसेच बाळगोंडा, पायगोंडा अशी नावे असतात. इंग्रजीत ‘अण्णा’ आणि ‘साहेब’ यांच्यामध्ये एक जागा सुटली की संगणक त्यांची दोन नावे समजतो आणि मुलीचे मधले नाव केवळ ‘अण्णा’ उरते. असे नाव इंग्रजीत सलग एका शब्दात लिहावे आणि वडिलांच्या स्वतःच्या कागदांवरही ते तसेच आहे याची खात्री करावी.

त्यानंतर एका कोऱ्या कागदावर मुलीचे पूर्ण नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून काढावे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. रेणुका किंवा मेघा या नावांतील ए दीर्घ लिहिला गेला आहे का, हे कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे. महेश, प्रकाश यांसारख्या वडिलांच्या नावांत शेवटचे अक्षर कन्नडमध्ये पूर्ण उच्चारले जाते, आणि त्यावरून इंग्रजी लेखन केले गेले की शेवटी एक जादा इंग्रजी ‘ए’ (A) चिकटतो. इंग्रजीचा दुसरा नेहमीचा घोटाळा ‘त’चा आहे. कर्नाटकात स्मिता, लता, सविता, गीता ही नावे इंग्रजीत ‘टीएच’ने लिहिण्याची रीत आहे, महाराष्ट्रात ‘टी’ने. दोन्ही बरोबर आहेत. पण आईच्या कागदावर ‘टी’ असेल तर मुलीच्या नावातही ‘टी’च राहिला पाहिजे. हा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक कार्यालयात त्यावरूनच नाव उतरवून द्यावे, तोंडी सांगू नये.

राशीचे नाव मधल्या जागी घालण्याची हौस काही घरांत दिसते. पत्रिकेसाठी ते पुरोहिताच्या टिपणात असले की पुरते. कागदपत्रांत आणू नये. ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याचे दुसरे नाव असते. ते वापरात ठेवायचे असेल तर जन्मनोंदीतच घ्यावे, पुढे जोडत बसू नये.

जन्मनोंदीच्या वेळी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात बाळंतपण झाले तर माहिती रुग्णालयच पाठवते, आणि तेथे घाईत भरलेल्या अर्जातील आईवडिलांच्या नावांचे लेखन थेट नोंदवहीत जाते. म्हणून वर सांगितलेला कागद बाळंतपणाला जातानाच पिशवीत ठेवावा आणि अर्ज पाठवण्यापूर्वी एकदा वाचायला मागावा. बारसे बाराव्या दिवशी असल्याने तोपर्यंत बाळाचे नाव रिकामे राहिले तर काळजीचे कारण नाही. नावाशिवायही नोंद होते आणि १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव मागाहून भरता येते: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तरीही वर्ष उलटू देऊ नये.

येथे एक गोष्ट आवर्जून करावी. जन्मदाखल्यावर आईचे आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यांत असते, त्यामुळे बाळाच्या नावाच्या जागी अनेक पालक केवळ ‘आर्या’ असे लिहितात आणि उरलेले आपोआप जुळेल असे मानतात. ते जुळत नाही. शाळा एका रीतीने जोडते, आधार केंद्र दुसऱ्या. रकाना एक असो वा तीन, बाळाच्या नावात मधले नाव आणि आडनाव यांसह पूर्ण नाव लिहून द्यावे, आद्याक्षरे देऊ नयेत. दाखला हाती आल्यावर कन्नड आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर तपासावेत. लेखनातील चूक निबंधकाकडून दुरुस्त करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु एकदा नोंदवलेले नाव पूर्ण बदलणे हे वेगळे आणि फार कठीण काम आहे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातील दुरुस्ती लागू झाल्यामुळे दाखल्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पारपत्र अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. मधल्या नावाची चूक आता पहिल्याच कागदापासून मुलीच्या मागे लागते.

शाळा, पॅन आणि पारपत्र

पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेच्या नोंदीत ‘आर्या म. पाटील’ असे आद्याक्षर आले तर लगेच पूर्ण नाव लिहून घ्यावे. दहावीच्या परीक्षेसाठी नावनोंदणी होते तेव्हा पुन्हा पाहावे, कारण पुढील प्रवेशपरीक्षा आणि नोकऱ्या दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावच धरून चालतात. पारपत्राच्या अर्जात ‘दिलेले नाव’ (गिव्हन नेम) आणि ‘आडनाव’ अशा दोनच जागा असतात. मधली नावे पहिल्या जागेत, मुलीच्या नावापुढे लिहावीत. डिसेंबर २०१६ पासून पारपत्रासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव दिले तरी चालते, आणि आईच एकटी पालक असल्यास पॅनसाठी वडिलांचे नाव देण्याची सक्ती डिसेंबर २०१८ पासून राहिलेली नाही. एकट्या मातांनी हे नियम लक्षात ठेवावेत. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असतीलच असे नाही.

लग्न ठरताना

लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. पारपत्रासाठीही नाव बदलावे लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२४ च्या निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत ठेवलेली आहे, त्यामुळे सासर सीमेपलीकडे असेल तर हा विषय बोलणीच्या वेळीच काढावा. मुलीला काय हवे हे तिलाच विचारावे आणि तिचे उत्तर दोन्ही घरांनी मान्य करावे. जातीचा दाखला लग्नानंतरही वडिलांकडूनच येतो, त्यामुळे ज्या मुलीला आरक्षणाचा लाभ घेऊन शिकायचे वा नोकरी करायची आहे, तिने मधले नाव न बदलणे अधिक सोयीचे असते.

तरीही नाव बदलायचेच असेल तर विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आधी घ्यावे, कारण जुने आणि नवे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे तोच कागद दाखवतो. त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक या क्रमाने सर्व कागद एकाच हप्त्यात बदलावेत. एखाद्या ठिकाणी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात किंवा राजपत्रातील प्रसिद्धी मागितली, तर तीत आईचे नाव धरून पूर्ण जुने नाव आणि पूर्ण नवे नाव लिहावे. दहावीचे प्रमाणपत्र जुन्याच नावाचे राहते. त्याची प्रत विवाह प्रमाणपत्राला जोडून ठेवावी.