दुधी गळायचा थांबला, काय केलं ते सांगते

सोसायटीच्या भाजी स्पर्धेसाठी गच्चीवर दुधी लावलाय, वेल मस्त मांडवभर पसरला पण बोटभर दुधी धरला की पिवळा पडून गळायचा. सगळ्यांचं एकच, खत घाला. खत कसलं, परागीभवनच होत नव्हतं! दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, त्यावर येतात रात्रीचे पतंग, आणि आमच्या सातव्या मजल्यावर कुठले आलेत पतंग. मग दिवेलागणीला नर फूल तोडून (लांब देठाचं, मागे इवलासा दुधी नसतो ते) पाकळ्या काढल्या आणि आतला पराग मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर हलकेच फिरवला. आता दुधी धरतायत, लव असलेले, पोपटी. लाल भोपळ्याला मात्र हे सकाळीच करा, त्याचं फूल पहाटे उघडतं. स्पर्धा बहुतेक खालच्या काकूंची वांगीच मारणार, पण हलव्यापुरता दुधी आहे आपल्याकडे.