मुक्तछंदाला मुखडा नको: छोट्या वाद्यमेळासाठी कविता बांधताना या चुका टाळा

नवी रचना हाती आली की मी आधी कवितेची पहिली ओळ किती वेळा आली आहे ते मोजते. भावगीताची सवय हाडीमाशी खिळलेली असते: पहिली ओळ म्हणजे मुखडा, मग अंतरा, मग परत मुखडा. ज्या कवितेला ध्रुवपदच नाही, जी पुढे गेली की मागे वळत नाही, तिलाही हाच साचा.

एका तरुण संगीतकाराची रचना आम्ही बसवत होतो. गायिका, बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोवर मी. कवितेची सुरुवात अशी: 'दार उघडं आहे / असं अजून तरी / वाटत नाही'. त्याने पहिल्या ओळीचा मुखडा केला होता. 'दार उघडं आहे' चार वेळा, दर वेळी व्हायोलिन आणखी वर, आणि 'नाही' मात्र चेलोच्या मिंडेखाली (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याखाली) अर्ध्या मात्रेत गडप. तालमीला कवयित्री आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "माझ्या कवितेतलं दार बंद आहे ना?" कोणालाच उत्तर देता येईना. मराठीत नकार बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतो. तिथपर्यंत ऐकणाऱ्याला नेणं हेच तर आपलं काम! आम्ही मुखड्याच्या सगळ्या पुनरावृत्ती काढल्या, 'वाटत'नंतर वाद्यं थांबवली आणि 'नाही' नुसत्या गळ्यावर सोडलं. सात मिनिटांची रचना साडेचारवर आली.

मी कविता हाताने उतरवते, पाठ करते, आठवडाभर पियानोला हात लावत नाही. मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करते. श्वास कुठे तुटतो, शब्द कुठे घाईत येतो, ते ऐकून लय लिहिते. नवशिक्यांना हा आठवडा फार वाटतो. ते थेट संगणकावर सुरावट मांडतात आणि ऐकून खूश होतात. पण संगणकातल्या बासरीला श्वास घ्यावा लागत नाही.

पाच वादक आहेत म्हणून पाचही जणांनी सतत वाजवायचं नसतं. संगीतकार शोनबर्गच्या 'पिएरो ल्युनेर' या गळा आणि वाद्यांसाठी बांधलेल्या कवितांच्या मालिकेत (1912) पाच वादक आठ वाद्यं हाताळतात, कविता 21, आणि जुळणी जवळजवळ प्रत्येक वेळी बदलते. सातव्या कवितेत तर गळा आणि बासरी, बस्स. गायिका खालच्या सुरांत असताना त्याच पट्ट्यात क्लॅरिनेट भरलात, तर व्यंजनं ऐकूच येणार नाहीत.

ऱ्हस्व अक्षरावर लांब तान नको. अगदी वरच्या स्वरावर जोडाक्षर नको. गायिकेच्या प्रतीत कविता मूळ ओळींसकट वेगळी छापा.

आणि परवानगी. आधुनिक कवितेवर बहुतेकदा कुणाचा तरी हक्क असतो. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या कवितेवर वृंदगान रचलं, पण हक्कदारांनी नकार दिला. शेवटी तेच सूर ठेवून दुसऱ्या कवीकडून नवे शब्द लिहून घ्यावे लागले. होकाराचं पत्र हातात येईपर्यंत मी एकही स्वर कागदावर उतरवत नाही.