परदेशी गेल्यावर मागे राहिलेले कर्ज: या चुका टाळा

बँकेच्या वसुली विभागात माझी बरीच वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे येत असतात. कर्ज कधी शिक्षणाचे असते, कधी क्रेडिट कार्डाचे, कधी विकून टाकलेल्या गाडीचे. चुका मात्र त्याच त्या असतात, आणि त्यांचा भार जवळजवळ नेहमी कर्ज घेणाऱ्यापेक्षा घरी राहिलेल्या माणसांवर पडतो.

तीन वर्षे थांबले की कर्ज बुडते, हा समज

हा समज मला सर्वांत घातक वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. १९६३च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, एवढे खरे आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम १५ मधील पाचवे पोटकलम कोणी वाचत नाही. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर होता, तितका काळ मुदत मोजताना वगळावा, असे ते सांगते. म्हणजे टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये बसून जो तीन वर्षे मोजतो आहे, त्याची मुदत विमानात बसल्या दिवसापासून पुढे सरकलेलीच नसते. शिवाय मुदत संपण्यापूर्वी बाकी मान्य करणारे सहीचे पत्र दिले किंवा बाकीपोटी थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद राहिली, तर तेथून नवी तीन वर्षे सुरू होतात. एकदा न्यायालयाचा हुकूमनामा झाला, की त्याची अंमलबजावणी करायला बँकेला बारा वर्षे मिळतात.

सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. मुलाच्या शिक्षणकर्जावर ते सहकर्जदार होते. मुलगा कॅनडात गेला, चौदा हप्ते भरले, मग नोकरी सुटली आणि कोणा मित्राने त्याला ही तीन वर्षांची गोष्ट सांगितली. पुढे नोकरी पुन्हा लागली, तरी हप्ते पुन्हा सुरू झाले नाहीत. इकडे घरी रजिस्टर पोस्टाने पाकिटे येत राहिली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून गुरुजी पोस्टमनकडे सही करून पाकीट घेत आणि न फोडता कपाटात साड्यांखालच्या वर्तमानपत्राच्या घडीत सरकवत. माझ्या टेबलावर त्यांनी चार पाकिटे ठेवली. चारही बंद होती आणि प्रत्येकावर त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात मिळाल्याची तारीख लिहिली होती. तिसऱ्या पाकिटात न्यायालयाचे समन्स होते. चौथ्यात एकतर्फी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची नोटीस होती, आणि तिच्यात त्यांची निवृत्तीनंतरची मुदतठेव जप्त करण्याची मागणी होती.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो, पण ते दिवस उलटून गेले होते. समन्स मिळालेच नाही, असेही म्हणता येत नव्हते, कारण पोचपावतीवर त्यांचीच सही होती. ‘पैसे मुलाने वापरले, आधी त्याला गाठा’ हा त्यांचा युक्तिवाद माणूस म्हणून मला पटला, कायद्यात मात्र तो टिकत नाही. सहकर्जदार हा कर्जदारच असतो, आणि नुसता जामीनदार असला तरी करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर त्याचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. शेवटी मुलाने अकरा महिन्यांत सर्व रक्कम फेडली आणि ठेव वाचली. नोकरी सुटली त्याच आठवड्यात त्याने बँकेला एक ईमेल पाठवून हप्ते पुढे ढकलण्याची विनंती केली असती, तर ती मान्य होण्याची चांगली शक्यता होती. तेव्हा घरी आलेले प्रत्येक पाकीट त्याच दिवशी फोडून त्याचा फोटो आपल्याला पाठवायला आईवडिलांना सांगा आणि पाकिटेही जपून ठेवा.

फोनवरच्या माणसाला पैसे देणे

दुसरी चूक घाईची आहे. परदेशात चार पैसे जमले, घर घ्यायचे मनात आले किंवा लग्न ठरले, की जुने कार्ड आठवते आणि एका रात्रीत विषय संपवावासा वाटतो. अशा वेळी फोन करणारा एजंट ‘आज संध्याकाळपर्यंत भराल तर निम्म्यात मिटवतो’ म्हणतो आणि माणूस त्याने दिलेल्या वैयक्तिक खात्यावर पैसे टाकतो. ते पैसे कर्जखात्यात पोचत नाहीत. काही वेळा तर ते कर्ज बँकेने आधीच एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलेले असते आणि फोन करणाऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

माझी पद्धत संथ आहे आणि ती तशीच राहावी, असे मला वाटते. आधी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे अहवाल मागवावेत. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यावरून कर्ज आज कोणत्या संस्थेकडे आहे, ते कळते. मग त्या संस्थेच्या अधिकृत ईमेलवर खातेउतारा मागावा, रकमेचे पत्र लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरायचे ते आपल्या स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यातच भरावे. फोनवर काहीही ठरले, तरी त्याच दिवशी ते ईमेलने लिहून पाठवावे. एजंटने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

थोडक्यात इतर चुका

बँकेने खाते ‘राइट ऑफ’ केले म्हणजे कर्ज माफ झाले, असे नाही. ती बँकेच्या हिशेबातली नोंद असते आणि वसुली चालूच राहते.

अहवालातील ‘सेटल्ड’ (तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले) आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) या दोन शेऱ्यांत मोठा फरक आहे. ऐपत असेल तर पूर्ण रक्कम भरा, कारण तडजोडीचा शेरा अहवालात पुढे अनेक वर्षे राहतो आणि भारतात पुन्हा कर्ज मागताना आडवा येतो.

कार्डाची किरकोळ बाकी म्हणून दुर्लक्ष करू नका. दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढीने कोणतीही रक्कम सुमारे वीस महिन्यांत दुप्पट होते, आणि विलंबशुल्क व जीएसटी वेगळे.

हप्ता ज्या खात्यातून कापला जातो ते रिकामे ठेवून जाऊ नका. पुरेशा रकमेअभावी हप्त्याचा आदेश परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते. त्या गडबडीत हप्त्याचा आदेश तुटलेला नाही ना, हे स्वतः तपासा.

भारतातला मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नका; ओटीपी नसला की स्वतःचे कर्जखातेही उघडता येत नाही.

भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरा. हे राहून गेल्यामुळे मूळ कागद निरुपयोगी ठरलेला मी अनेकदा पाहिला आहे.

पैसे भरून झाल्यावर ना-देय प्रमाणपत्र मूळ प्रतीत मागवा आणि दोन महिन्यांनी चारही अहवाल पुन्हा पाहा. बाकी तशीच दिसत असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे दुरुस्तीची लेखी तक्रार करा आणि तक्रारीची तारीख नीट लिहून ठेवा. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.