छोट्या संस्थेची पुढची पंधरा वर्षं कशी आखावीत

पाऊस लागून राहिला की बडोद्यात घरोघरी दोनच आकडे विचारले जातात: आजवा धरण किती भरलं आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे. 26 फूट ही धोक्याची पातळी शाळकरी पोरांनाही पाठ असते. ऑगस्ट 2024मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या मंडळाच्या वाचनालयात पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली. सभासदांची जुनी नोंदवही उघडली तर निळी शाई पसरून नावं एकमेकांत मिसळली होती; पान सुटं करायला गेलं की हातात लगदा येई. पातळी आम्ही सगळेच तासातासाला बघत होतो. पण ती कितीवर गेली की नोंदवही वर न्यायची आणि कुणी न्यायची, हे कधी ठरलंच नव्हतं.

त्या वर्षी आम्ही लांबचा आराखडा करायला घेतला. पद्धत अशी, की एकाच भविष्याचा अंदाज न बांधता अनेक शक्य भविष्यांच्या गोष्टी लिहायच्या आणि त्यांत निर्णय पारखायचा. मंडळ, पतसंस्था, शाळा, कुणालाही तो एक फळा आणि चार रविवार यांत करता येतो.

सुरुवात एका खऱ्या निर्णयापासून करा. “संस्थेचं पुढे काय?” असा प्रश्न ठेवला की बोलणं वाहवत जातं. आमचा प्रश्न नेमका होता: कायम ठेव मोडून इमारतीवर दुसरा मजला चढवायचा का?

मग जे ठरलेलंच आहे ते वेगळं काढा. ‘शेल’ या तेल कंपनीत 1970च्या दशकात ही पद्धत रुजवणारे पियेर वाक गंगेचं उदाहरण देत. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की दोन दिवसांत ऋषिकेशला पाणी चढणार, मग प्रयागला, मग काशीला. तो अंदाज नसतो. पाऊस पडून गेलेला असतो, पाणी वाटेत असतं. आपल्या संस्थेतही असं वाटेतलं पाणी असतं. 2040 साली वीस वर्षांची होणारी मुलं आज शाळेत जात आहेत. आजीव सभासदांच्या जन्मसालांची यादी करा. आमची यादी फळ्यावर आली तेव्हा बैठक काही वेळ गप्पच झाली.

उरलेल्या गोष्टींतून दोन निवडा: ज्यांनी सगळ्यात जास्त फरक पडेल आणि ज्यांचं काहीच सांगता येत नाही. आम्ही घेतल्या त्या अशा. नवी पिढी मराठी वाचत राहील का? आणि जुन्या वस्तीतली मराठी घरं तिथेच राहतील की मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशा नव्या वसाहतींकडे पांगतील? फळ्यावर एक उभी, एक आडवी रेघ मारा, प्रत्येक प्रश्नाला एक. चार चौकटी, चार भविष्यं. चांगलं, मध्यम, वाईट असे तीन प्रकार मात्र करू नका. सगळे मधलं निवडून मोकळे होतात आणि विचार तिथेच थांबतो.

प्रत्येक चौकटीची गोष्ट लिहा, आणि एखाद्या दिवसाची लिहा. आम्ही 2040ची गणेश चतुर्थी घेतली. एका गोष्टीत आरती मराठीच होती, पण मुलांच्या हातातली पुस्तिका गुजराती लिपीत छापलेली. हे वाचलं गेलं तेव्हा एका आजींचे डोळे भरले, आणि त्याच म्हणाल्या, “मग तशी पुस्तिका आत्ताच काढू या, निदान म्हणतील तरी.” आकड्यांच्या तक्त्यातून हे कधीच निघालं नसतं. ऑक्टोबर 1973नंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12च्या जवळ गेला, तेव्हा शेलच्या अधिकाऱ्यांनी तशी गोष्ट आधी ऐकलेली होती. म्हणून त्यांना इतरांपेक्षा लवकर सावरता आलं.

आता निर्णय चारही गोष्टींत घालून बघा. आमचा दुसरा मजला एकाच गोष्टीत टिकला. खजिनदार काका अस्वस्थ झाले: “पण यातलं नक्की होणार कोणतं?” चिटणीस ताई म्हणाल्या, “काका, कोणतंही होऊ दे. मोडलेली ठेव परत कुठून आणायची, तेवढं सांगा.” मजला पुढे ढकलला. चारही गोष्टींत उपयोगी पडणारी कामं मात्र लगेच धरली: नोंदवह्या स्कॅन करणं, खालच्या फळ्या रिकाम्या ठेवणं आणि पुस्तकांच्या पेट्या नव्या वसाहतींत फिरवणं. पेटीची कल्पना तर बडोद्याचीच. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910नंतर, संस्थानच्या ग्रंथालय खात्याच्या पेट्या गावोगाव जात.

शेवटचं काम सगळ्यात जास्त राहून जातं, ते म्हणजे खुणा ठरवणं. कोणती गोष्ट खरी होऊ लागली आहे हे कशावरून ओळखायचं, ते आकड्यात लिहा. बालविभागाचे वाचक सलग दोन वर्षं 30च्या खाली राहिले तर पुढच्या खरेदीत दोन्ही लिप्यांची पुस्तकं, असं आम्ही इतिवृत्तात नोंदवलं. प्रत्येक खुणेवर लक्ष ठेवणारा माणूस नेमा आणि वार्षिक सभेच्या एक महिना आधी त्याच्याकडून आकडा घ्या. एकही खूण जुळली नाही तर गोष्टी नव्याने लिहा.

पहिली खूण आम्ही कपाटाच्या दारावरच चिकटवली आहे: “काळा घोडा 22 फूट: नोंदवह्या माळ्यावर.” खाली दोघांची नावं आणि त्यांचे फोन नंबर.